तिला सुतक नाही

जुलै महिना म्हणजे तिकडचा हिवाळा. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा या खाणींच्या भागातल्या आमच्या ड्रिलिंग कॅम्पवर रविवारी रात्री जेवणं झाली की हॉलमधली टेबलं भिंतीला सरकवायची, समोर पांढरी चादर ताणायची आणि प्रोजेक्टर लावायचा असा शिरस्ता होता. चित्रपट कुठला, ते पाळीपाळीने एकेकाने ठरवायचं. त्या रविवारी स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईंची पाळी होती. एरवी मारामारीचे चित्रपट बघणारी मंडळी त्यांच्यासमोर मात्र गप्प बसायची, कारण सकाळचा नाश्ता त्यांच्याच हातात. त्यांनी लावला 'जॅपनीज स्टोरी'.

२०१४ साल होतं ते. चित्रपट २००३चा. दिग्दर्शन सू ब्रुक्सचं, लेखन ॲलिसन टिल्सनचं, निर्माती सू मॅस्लिन. या तिघींनी आधीही एक चित्रपट मिळून केला होता. हा चित्रपट छोट्या बजेटचा. दोन मुख्य माणसं, एक गाडी आणि भोवती लाल माती. त्या वर्षी कानच्या महोत्सवात 'अन सर्टन रिगार्ड' विभागात तो दाखवला गेला आणि ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटचे आठ पुरस्कार त्याने घेतले. यातलं मला त्या रात्री काही ठाऊक नव्हतं. टोनी कोलेट ही नटी त्यात आहे आणि तिने माझ्यासारख्याच भूशास्त्रज्ञाचं काम केलंय, एवढं कळलं होतं. मला पहिल्या रांगेत जाऊन बसायला तेवढं पुरलं.

पुढे मी सगळी गोष्ट सांगणार आहे, अगदी त्या एका प्रसंगासकट. चित्रपट आला तेव्हा अनेक समीक्षकांनी तो प्रसंग लिहायचं कटाक्षाने टाळलं होतं आणि ते योग्यच होतं. ज्यांना बघायचा आहे त्यांनी आधी बघावा, हे नंतर वाचावं.

सँडी, म्हणजे टोनी कोलेट, पर्थमधल्या एका छोट्या कंपनीत भागीदार. कंपनी भूशास्त्राचं सॉफ्टवेअर बनवते. ते विकत घेईल या आशेने एका जपानी उद्योजकाला खाणी दाखवायची जबाबदारी तिच्या गळ्यात पडते. त्याचं नाव हिरोमित्सु ताचिबाना, नट गोतारो त्सुनाशिमा. तो उतरतो आणि तिला ड्रायव्हरच समजतो. बॅगा तिनेच उचलायच्या. तो मागे बसणार, खिडकीतून बघणार, फोनवर बोलणार. ती दातओठ खात गाडी हाकते. कॅम्पवरच्या पोरांना हा भाग फार आवडला. असे पाहुणे आम्ही सगळ्यांनीच फिरवलेले.

मग त्याला आणखी आत जायचं असतं. ती नको म्हणते, तो ऐकत नाही आणि गाडी वाळूत रुतते.

त्या क्षणी आमच्या हॉलमध्ये जे झालं ते मला अजून ऐकू येतं. वीस-बावीस माणसं एकदम बोलायला लागली. "टायरमधली हवा सोड!" "आधी हवा!" आमचा मुख्य ड्रिलर, पन्नाशीचा, अंगाने आडवा माणूस, खुर्चीतून अर्धा उठून पडद्याला सांगत होता की दाब अठरावर आण बाई, अठरावर. वाळूत गाडी चालवायची तर टायरचा दाब निम्म्यावर आणायचा, म्हणजे टायर पसरतो आणि वाळूवर तरंगल्यासारखा चालतो. हे तिथे पहिल्या दिवशी शिकवतात. सँडी विंचची, म्हणजे गाडीवरच्या ओढयंत्राची, तार वाळूत पुरलेल्या ओंडक्याला बांधून गाडी ओढू बघते, तेव्हा ओंडका किती खोल पुरायला हवा यावर मागच्या रांगेत भांडण जुंपलं. मदत बोलवायची तर हिरोमित्सुला लाज वाटते. रात्र पडते. दोघं उघड्यावर, गारठ्यात, शेकोटीशी. दुसऱ्या दिवशी गाडी निघते तेव्हा हॉलमध्ये टाळ्या पडल्या. खऱ्या टाळ्या. कोणाची तरी गाडी खरंच निघाली असावी तशा.

तिथून पुढे प्रेम होतं. दोघांनी एकमेकांचा जीव वाचवलेला असतो, तेवढ्याने होतं. मोटेलच्या खोलीत ती आधी त्याची पँट चढवते आणि मग त्याच्याजवळ जाते. हा प्रसंग नीट समजावून सांगता येत नाही, पण बघताना त्यात काहीही खटकत नाही. कोणीतरी मागे हसलं आणि लगेच थांबलं. दोघं गाडीतून भटकतात. एवढ्या मोकळ्या जागेने तो बावरतो आणि हळूहळू तीच जागा त्याला हवीशी वाटायला लागते. पिलबारा साधारण पाच लाख चौरस किलोमीटरचा आहे. अख्खा महाराष्ट्र तीन लाखांच्या थोडा वर. त्यात गावं बोटांवर मोजण्याइतकी. मी पहिल्यांदा तिथे उतरले तेव्हा मलाही गरगरलं होतं.

मग ते एका पाणवठ्यावर येतात. ऊन, खडक, स्वच्छ पाणी. तो आनंदात सूर मारतो.

आणि वर येत नाही.

संगीत वाजत नाही, कॅमेरा धावत नाही. पाणी आहे तसंच राहतं. ती हसत वाट बघते, हाक मारते, पुन्हा हाक मारते. आमच्या हॉलमध्ये जनरेटरचा आवाज ऐकू यायला लागला. तो आवाज चोवीस तास असतो, म्हणून कोणाला कधी ऐकू येत नाही. त्या रात्री आला.

पुढची काही मिनिटं ती त्याचं शरीर पाण्यातून ओढते आणि गाडीत चढवायला बघते. एका बाईला एक मेलेला माणूस उचलून गाडीत ठेवायचा आहे, इतकंच. हात निसटतो, पाय बाहेर राहतो, ती पुन्हा काखेत हात घालते. चित्रपटांत प्रेतं हलकी असतात. हे जड होतं. आमचा मुख्य ड्रिलर उठला आणि दार हळूच लावून बाहेर गेला. तो परत आला नाही. आणखी दोघंतिघं पाठोपाठ गेले, पण ते वेगळ्या कारणाने. त्यातला एक पोरगा दारात म्हणाला, "हे काय, मला वाटलं लव्हस्टोरी आहे."

चित्रपट संपला तेव्हा जे उरलो होतो त्यांच्यात वाद झाला आणि तो आठवडाभर चालला. नाश्त्याला, गाडीत, ड्रिलच्या शेडखाली. एकाचं म्हणणं, दोन वेगळे चित्रपट शिवून जोडलेत, एक विनोदी, एक सुतकी. दुसरा म्हणाला, फसवलं. तासभर माणसावर जीव लावायला लावला आणि मारून टाकला. नर्स होती ती म्हणाली की असंच असतं, मध्यांतर न होताच होतं. आणि बहुतेकांनी विचारलं की मेल्यानंतर आणखी अर्धा तास चित्रपट कशाला? तो गेला, गोष्ट संपली.

मला तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. पण तो अर्धा तासच मला धरून बसला होता.

ड्रिलर तिसऱ्या दिवशी माझ्याशी बोलला. आम्ही कोअरच्या पेट्या मांडत होतो. जमिनीतून काढलेले दगडाचे लांब दंडगोल असतात, त्यांना कोअर म्हणतात. पेटीत ओळीने ठेवायचे, मी त्यांच्या खोलीची नोंद करायची. त्याने पेटी खाली ठेवली आणि म्हणाला की विशीत असताना त्याचा मित्र जुन्या खाणीच्या पाण्यात असाच गेला. वरून सगळं स्वच्छ दिसत होतं. "लोक येऊन त्याच्या आईबापांना भेटत होते," तो म्हणाला, "मी अंगणात उभा होतो. मला कोणी काही म्हणालं नाही. बरोबरच आहे, मी कोण होतो?" मग त्याने पुढची पेटी उचलली.

या चित्रपटाबद्दल मी ऐकलेल्या सगळ्या प्रतिक्रियांमध्ये मला हीच सगळ्यात नेमकी वाटते, आणि त्यात त्याने चित्रपटाचं नावसुद्धा घेतलं नव्हतं.

एक आक्षेप मात्र मनातून गेला नाही. पर्थमध्ये माझी एक जपानी मैत्रीण आहे, खनिजाच्या व्यापारातच काम करते. तिने चित्रपट पाहून शांतपणे सांगितलं की हिरोमित्सु आम्हाला कधी कळतच नाही. तो सँडीला बदलण्यापुरता येतो आणि जातो. तिला हवी होती ती युकिको, त्याची बायको, जी शेवटी पर्थला येते. त्या बाईने विमानात ते सगळे तास कसे काढले असतील, ते तिला बघायचं होतं. मी थोडा वाद घातला, पण तिचं खरं आहे. चित्रपट सँडीच्या बाजूने उभा आहे आणि ती बाजू सोडून पलीकडे जात नाही.

तरी एक गोष्ट तिला मी दाखवली. चित्रपटात एक म्हातारा हिरोमित्सुला म्हणतो, युद्धात वाटायचं तुम्ही लोक येणार. आता इथलं सगळं तुमच्याच मालकीचं झालंय. या एका वाक्याच्या मागे साठ वर्षं आहेत. १९३८मध्ये ऑस्ट्रेलियाने लोहखनिजाच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा जपानी कंपन्यांची नजर इथल्या खनिजावर होती. १९४२च्या फेब्रुवारीत उत्तरेच्या डार्विन शहरावर जपानी बॉम्ब पडले, मार्चमध्ये ब्रूम या किनाऱ्यावरच्या गावावर. १९६०मध्ये बंदी उठायला लागली आणि बघता बघता जपानच्या पोलाद कारखान्यांशी झालेल्या दीर्घ मुदतीच्या करारांवरच पिलबारातल्या खाणी, रेल्वे आणि बंदरं उभी राहिली. ब्रूमला जपानी लोकांची दफनभूमी आहे. मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारायला आलेले पाणबुडे तिथे आहेत, ९००हून जास्त माणसं. म्हणजे या किनाऱ्यावर पाण्याने घेतलेला हिरोमित्सु हा काही पहिला जपानी माणूस नव्हे. मैत्रीण म्हणाली, हे मला माहीत होतं. थोडं थांबून म्हणाली, पण त्यांच्यासाठी कोण रडलं ते मला माहीत नाही.

मी मूळची सिंधुदुर्गातली, रेडीच्या बाजूची. तिथेही लोखंडाची खाण, तीच लाल धूळ, पावसात रस्त्यावरून वाहणारं तेच लाल पाणी. शेजारच्या गोव्यातून तर १९५०च्या दशकापासून खनिज जपानला जात होतं. माझी आई लहानपणी मांडवीत खनिजाच्या बार्जी मोजायची. त्यामुळे २०१७मध्ये ती पर्थला आली आणि मी तिला पिलबाराचे फोटो दाखवले, तेव्हा ती म्हणाली, "ह्या तर आपलाच गाव."

बाबा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. ते गेले तेव्हा मी साइटवर होते. कॅम्पवरून विमान आठवड्यातून ठरावीक दिवशीच. पर्थला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. फोनवर काकांनी सांगितलं, लग्न झालेल्या मुलीला तीन दिवसांचं सुतक, तू ते तिथेच पाळ. मी तीन दिवस पाळलं. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं आणि काय करायचं ते सुचेना. नियम संपला होता.

हे सगळं मनात ठेवून मी आईला चित्रपट दाखवला असं नाही. ती दुपारी भाजी निवडत बसली होती, मला तो पुन्हा बघायचा होता, म्हणून लावला. इंग्रजी तिला थोडं कळतं. मी मध्ये मध्ये सांगत होते.

सँडीची आई वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता कापून वहीत चिकटवते. सुरुवातीलाच तो प्रसंग आहे आणि कॅम्पवर त्याला सगळे हसले होते. माझी आई हसली नाही. तीही रोज सकाळी पेपर उघडते तो त्याच पानावर. कोण गेलं, कुठलं गाव, किती मुलं, जावई कोण. तिने मान हलवली, ओळखीची बाई भेटावी तशी. मोटेलच्या प्रसंगाला ती उठून आत गेली आणि पाणी पिऊन सावकाश परत आली.

पाणवठा आला. मी काही बोलले नाही. त्याने सूर मारायच्या आधीच ती पुढे झुकून पडद्याला म्हणाली, "पाणी बगल्याशिवाय कोणी सूर मारता?" आमच्याकडे विहिरींचा प्रदेश. पोहायला शिकवताना पहिली शिकवण हीच, आधी पायऱ्यांनी उतर, तळ कुठे आहे ते पायाने बघ, मग उडी. आईने आपली मुलं आणि शेजारची धरून सात-आठ जण पोहायला शिकवलेत.

मग तो वर आला नाही. आईने पदर तोंडाला लावला.

पुढचा अर्धा तास तिने भाजीला हात लावला नाही. सँडी त्याला घेऊन रात्रीची गाडी चालवते, छोट्या गावात पोचते, लोक कागद भरतात, प्रश्न विचारतात. ते वाईट नाहीत, उलट जपून वागतात. पण ते तिला साक्षीदार समजतात. तुम्ही त्यांच्याबरोबर होता का, किती वाजले होते, त्यांच्या घरच्यांना कळवलंय. पर्थला परत आल्यावर कंपनीचा भागीदार धीर देतो आणि कायदेशीर बाबींचंही बोलतो. कोणी तिला "तुझं माणूस गेलं" असं म्हणत नाही. कसं म्हणणार? चार-सहा दिवसांची ओळख. मग युकिको येते, शांत, नीटनेटकी, काळ्या कपड्यांत. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळतात. सँडी भिंतीला लागून उभी. टोनी कोलेटचा चेहरा त्या वेळी मी पुन्हा पुन्हा बघितलाय. तिला रडू येतंय आणि ते कुठे ठेवायचं ते कळत नाही. हातात जड वस्तू आहे आणि ती खाली ठेवायला टेबल नाही, तसं.

आई हळू आवाजात म्हणाली, "तिका सुतकय नाय गो."

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "तिना रडाचा खय?"

मी चित्रपट थांबवला. वर्षभर मी शोधत होते ते शब्द तिने भाजीची चाळण मांडीवर घेऊन सहज उच्चारले होते. सुतकाला आपण विटाळ म्हणतो, कटकट म्हणतो, मीही म्हटलंय. पण ते एक कबुलीपत्रसुद्धा आहे. तुला दहा दिवस, तुला तीन दिवस, तुझं नातं एवढं, तेव्हा एवढे दिवस तू कामाला जाऊ नकोस, देवाला हात लावू नकोस, तुझ्याकडे लोक येतील, तू रड. ज्याला सुतक लागत नाही त्याच्या दुःखाची नोंद होत नाही. ड्रिलर अंगणात उभा होता. सँडी भिंतीला लागून उभी आहे.

आणि कॅम्पवरच्या त्या पोरांनी विचारलं होतं की मेल्यानंतर आणखी अर्धा तास कशाला. तो अर्धा तास सू ब्रुक्सने सँडीला दिला आहे. गावाने दिला नाही, कायद्याने दिला नाही, त्या बिचाऱ्या युकिकोकडून तर मागताही येत नव्हता. तो चित्रपटाने दिला. आम्हा प्रेक्षकांना तिच्याबरोबर बसवलं. जे उठून गेले त्यांना मी दोष देत नाही, प्रेमकथा बघायला आलेल्या माणसाला कोणी दुखवट्याच्या भेटीला बसवलं तर त्याला अवघडल्यासारखं होणारच. पण हा भाग जोडलेला आहे, हे मला मुळीच मान्य नाही. सुरुवातीची सगळी भांडणं, रुतलेली गाडी, ती शेकोटी, सगळं एवढ्यासाठीच आहे की शेवटी सँडी किती मोठं काय घेऊन उभी आहे ते आपल्याला, आणि फक्त आपल्याला, माहीत असावं.

शेवटी सँडी युकिकोसमोर जाते आणि माफी मागते. दोघींमध्ये भाषेचे शब्द अगदी थोडे. आईने मला त्याचा अर्थ विचारला नाही.

त्याच महिन्यात मी तिला घेऊन उत्तरेला गेले. विमानाने जाता आलं असतं, पण तिला रस्त्याने जायचं होतं. पर्थपासून ग्रेट नॉर्दर्न हायवे धरायचा आणि पिलबारातल्या करिजिनी राष्ट्रीय उद्यानापर्यंत तेराशे-चौदाशे किलोमीटर जायचं. तीन दिवस लावले. तिने गाडीत बसून भाताच्या कापण्या केव्हा होतात इथपासून बाबांचा कोर्टातला जुना दावा इथपर्यंत सगळं सांगितलं. त्यातलं अर्धं मी कधीच ऐकलं नव्हतं. रस्त्यावरच्या ट्रकांना चार-चार डबे जोडलेले बघून ती प्रत्येक वेळी मोजायची. न्यूमनच्या आसपास माती लाल झाली तशी ती गप्प झाली.

करिजिनी म्हणजे अडीच अब्ज वर्षं जुने दगड. लोखंडाचे गडद पट्टे आणि मध्ये तांबडे, पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक. त्यांना कापत घळी उतरतात आणि तळाशी पाणी असतं, हिरवं, गार, हललं तरी आवाज न करणारं. ही बनजिमा आणि तिथल्या इतर मूळ लोकांची भूमी. काठावर पाट्या आहेत, उडी मारू नका.

आई गुडघे धरत हळूहळू पायऱ्या उतरली. काठावरच्या खडकावर बसली. ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांना लावलं, जसं ती तेरेखोलच्या खाडीशी लावते. पाणी इतकं स्वच्छ होतं की तळाचे दगड हाताला लागतील असं वाटत होतं.

"किती खोल असात?" तिने विचारलं.

मी म्हटलं, मला माहीत नाही.

ती बराच वेळ बघत राहिली. मग चपला काढून बाजूला ठेवल्या आणि मला जवळ बोलावलं.

"मगे नुसते पाय सोडून बसया."